डोकं कुठे, शेपूट कुठे?

अंड्यातून जीव घडतो हे आपल्याला माहीत असतं. पण सगळीकडून सारख्या दिसणाऱ्या एका पेशीत डोकं कुठे आणि शेपूट कुठे, हे ठरवतं कोण?

याचं उत्तर सापडलं एका चिमुकल्या सूत्रकृमीत. नाव सी. एलिगन्स, लांबी जेमतेम 1 मिलिमीटर, मुक्काम कुजणाऱ्या फळांमध्ये. त्याचं अंडं पारदर्शक असल्याने आत काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता येतं.

सुरुवात करतो शुक्राणू. तो अंड्याच्या ज्या टोकाशी असतो, ते टोक शेपटीकडचं ठरतं. पेशीच्या कातडीखाली प्रथिनांच्या धाग्यांचं ताणलेलं जाळं असतं. शुक्राणूजवळ ते सैल पडतं आणि दुसऱ्या टोकाकडे ओढलं जातं. एका बाजूने चादर ओढली की तिच्यावरच्या वस्तूही सरकतात ना, तसंच! जाळ्यासोबत पार-3 आणि पार-6 ही प्रथिनं डोक्याच्या बाजूला जातात. मोकळ्या झालेल्या जागेत पार-1 आणि पार-2 बस्तान बसवतात. मग दोन्ही गट एकमेकांना आपल्या हद्दीत फिरकू देत नाहीत. या दिशा ठरण्यालाच शास्त्रज्ञ 'ध्रुवीयता' म्हणतात.

आता पेशी दुभंगते, पण वाटणी समान नसते. पुढची पेशी मोठी, मागची छोटी. पुढच्या पिढीची बीजं या छोट्या पेशीच्याच वंशात तयार होतात.

1988 साली केनेथ केम्फ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या 'पार' जनुकांची ओळख करून दिली. आईकडची ही जनुकं बिघडलेली असली, की पहिल्या दोन पेशी सारख्याच आकाराच्या होत आणि गर्भ जगत नसे. घरात वाटणी समान असावी हे खरं, पण इथे समान वाटणीच जिवावर बेतते!

ही गोष्ट फक्त कृमीची नाही. उंदराच्या गर्भात आठ पेशी झाल्या की प्रत्येकीला बाहेरची आणि आतली बाजू मिळते. तिथेही पार कुळातली प्रथिनं असतात. पुढे बाहेर राहिलेल्या पेशींपासून वार बनते, तर आत गेलेल्यांपासून पिल्लाचं शरीर. आपल्या आतड्याच्या अस्तरातली प्रत्येक पेशीसुद्धा अन्नाकडची बाजू कोणती आणि रक्ताकडची कोणती, हे नेमकं ओळखून असते. म्हणूनच जेवणातलं पोषण योग्य दिशेने रक्तात पोहोचतं.

म्हणजे आज दुपारी खाल्लेला वरणभात अंगी लागण्यामागेही हीच दिशेची जाण आहे!