दिवाळ्याचा दिवा आणि न्यायालयाचे दप्तर

पेढी बुडाली म्हणजे पूर्वीचा व्यापारी भर दिवसा दुकानाच्या दारात दिवा लावून ठेवी, आणि 'दिवाळे' हा शब्द त्यावरूनच निघाला, असे जुनी माणसे सांगतात. ही व्युत्पत्ती भाषापंडितांस मान्य होवो वा न होवो, त्या चालीत व्यवहाराचे मोठे शहाणपण होते, हे कोणासही कबूल करावे लागेल. रस्त्याने जाणारा साक्षर असो वा निरक्षर, या दुकानाशी उधारीचा व्यवहार आता करणे नाही, एवढे त्यास तो दिवा पाहताच कळे. कालांतराने दिव्याची जागा न्यायालयाच्या हुकुमाने घेतली. हुकूम दिव्यापेक्षा अधिक न्यायी आहे, कारण तो दोन्ही पक्षांचे ऐकून होतो. परंतु दिवा दिसत असे, हुकूम दिसत नाही. आजच्या लेखात आम्हास जे सांगावयाचे आहे, ते या एका फरकाविषयी होय.

पुणे शहराचा व्यापार उधारीवर चालतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. भवानी पेठेतील लाकूड, रविवार पेठेतील भांडी, मार्केट यार्डातील भुसार, यांपैकी कोणताही माल सर्वस्वी रोखीने हलत नाही. असे असता उधारी कोणास द्यावी व कोणास न द्यावी, याचा निर्णय आमचे व्यापारी कशावरून करतात? बहुधा ऐकीव गोष्टींवरून. कोणी म्हणतो, माणूस बरा आहे. कोणी म्हणतो, त्याचे एकदा दिवाळे निघाले होते. पहिल्याच्या शब्दावर हजारोंचा माल जातो, आणि दुसऱ्याच्या शब्दाने एखाद्या प्रामाणिक गृहस्थाचा धंदा कायमचा बसतो. खरी हकीकत काय, हे पाहण्याचे साधन कायद्याने ठेवलेले असूनही त्या वाटेस जाणारे थोडे. लाखाचा माल कानावर विश्वास ठेवून द्यावयाचा आणि नोंद पाहण्यासाठी एक सकाळ खर्चावयाची नाही, ही काटकसर नव्हे.

देण्याघेण्याचा लेख एकाच पक्षाच्या कपाटात राहिला म्हणजे काय अनर्थ होतो, हे आमच्याच जिल्ह्याने एकदा पाहिले आहे. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस सुपे येथे, ऐन बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली आणि हाती लागले ते रोखे व खतपत्रे जाळली. हे लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. रयतेचा राग कर्जावर होताच. पण ज्या कागदात काय लिहिले आहे हे कुळास कधी कळत नसे, त्या कागदावर तो विशेष होता. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा जो कायदा झाला, त्याने शेतकऱ्यास केवळ पैशाच्या हुकूमनाम्याखाली तुरुंगात घालणे बंद केले आणि त्याच्यासाठी नादारीची तरतूद केली. त्याचबरोबर खते गावच्या निबंधकापुढे व्हावीत, पैसे पोचल्याची पावती मिळावी, हिशेबाचा उतारा मिळावा, असेही नियम घालून दिले. कर्जाचा प्रश्न हा निम्मा लेखांचा प्रश्न आहे, एवढी गोष्ट त्या काळच्या कायदेकर्त्यांच्या ध्यानात आली होती. आज लेख आहेत, परंतु ते कोठे पाहावेत हे लोकांस ठाऊक नाही. यास्तव तेवढे तरी सांगून टाकणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

नोंद शोधणाऱ्याने पहिला प्रश्न स्वतःस विचारावा तो असा, की ऋणको कोण आहे? व्यक्ती, कंपनी की सहकारी संस्था? तिघांची दारे निरनिराळी आहेत, आणि चुकीच्या दारी वर्षभर खेटे घातले तरी हाती काही लागणार नाही.

ऋणको व्यक्ती असेल, अथवा साध्या भागीदारीचा भागीदार असेल, तर त्यास लागू होणारा कायदा १९२० सालचा प्रांतिक नादारी कायदा होय. २०१६ साली नादारी व दिवाळखोरीची नवी संहिता झाली, तेव्हा हा जुना कायदा गेला, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. जुना कायदा रद्द करणारे संहितेतील कलम अद्याप अमलात आलेले नाही, आणि व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक हमी राहिलेल्यांपुरता लागू झाला आहे. सामान्य दुकानदाराचे प्रकरण म्हणून अजूनही जिल्हा न्यायालयाच्या अधिकारातच येते. पुण्यास राहणाऱ्या वा धंदा करणाऱ्या ऋणकोसाठी ते शिवाजीनगरचे न्यायालय होय. मुंबई शहरातील व्यापाऱ्यास मात्र १९०९ सालचा इलाखा-शहरांचा कायदा लागू असून त्याचे प्रकरण तेथील उच्च न्यायालयात चालते. पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्यांचे देणेघेणे मुंबईशी फार, तेव्हा हा भेद त्यांनी विशेष लक्षात ठेवावा.

शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या अलीकडच्या प्रकरणांचा शोध ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर घरबसल्या व विनामूल्य घेता येतो. जिल्हा व न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव व नोंदणीचे वर्ष घातले, की यादी येते. प्रलंबित व निकाली अशी दोन्ही प्रकरणे पाहावीत. नाव न घालता कायदा निवडूनही शोध करता येतो. येथे एक अडचण आहे. नावे बहुधा रोमन लिपीत चढविलेली असतात, आणि आमची आडनावे त्या लिपीत प्रत्येक कारकुनाच्या हातून निराळी होतात. 'चौधरी' एका ठिकाणी एका तऱ्हेने, तर दुसरीकडे दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले आढळेल. कोठे आडनाव आधी, तर कोठे शेवटी. एका शोधात नाव निघाले नाही, एवढ्यावरून माणूस निर्वेध आहे असे मानू नये. उलट नाव निघाले म्हणून तोच तो असेही मानू नये. कारण एकाच नावाचे दहा गृहस्थ या शहरात सापडतील. वडिलांचे नाव, पत्ता व धंदा जुळल्यावाचून कोणावरही बोट ठेवणे हा अन्याय होईल.

संगणक येण्यापूर्वी निकाली निघालेल्या प्रकरणांची नोंद संकेतस्थळावर मिळण्याचा भरवसा नाही. त्यासाठी न्यायालयाच्या अभिलेख कक्षाकडे व नक्कल विभागाकडे अर्ज करावा लागतो. अर्जात वर्ष व पक्षकाराचे नाव जितके नेमके, तितका शोध लवकर. प्रकरणात जो पक्षकार नव्हता, त्याने नक्कल कशासाठी हवी हे कारण लिहावे. प्रसंगी न्यायालयाची परवानगीही घ्यावी लागते. जुने कागद मुदतीनुसार नष्टही केले जातात. परंतु या कायद्याने आणखी एक साक्षीदार ठेवला आहे. कोणास नादार ठरविले, की त्याचे नाव, पत्ता, वर्णन, हुकुमाची तारीख आणि मुक्ततेसाठी अर्ज करण्याची मुदत ही सर्व माहिती शासकीय राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. गठ्ठा गहाळ झाला, तरी राजपत्राचा जुना अंक एखाद्या मोठ्या ग्रंथालयात मिळण्याचा संभव असतो.

ऋणको कंपनी असेल, तर शिवाजीनगरास जाऊन उपयोग नाही. पुण्यात नोंदलेल्या कंपनीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे चालते. प्रकरण दाखल करून घेतल्यावर जो अंतरिम व्यावसायिक नेमला जातो, त्याने तीन दिवसांच्या आत एका इंग्रजी व एका प्रादेशिक भाषेतील वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी, असा नियम आहे. तीच सूचना नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने सापडते. तीत दावा दाखल करण्याची शेवटची तारीख असते, आणि ती नेमणुकीपासून अवघ्या चौदा दिवसांची असते. मुदत चुकलेल्यास पुढे आणखी काही अवधी मिळतो, पण तो अमर्याद नव्हे. डी. एस. कुलकर्णी डेव्हलपर्स या पुण्याच्या कंपनीची कारवाई २०१९ साली सुरू झाली व तोडग्याची योजना २०२३ साली मंजूर झाली. अशा प्रकरणांत घरासाठी पैसे भरलेला गृहस्थही २०१८ सालच्या दुरुस्तीने वित्तीय धनको गणला जातो. म्हणजे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील बारीक टाइपातील ती सूचना वाचणे, हे केवळ वकिलांचे काम राहिलेले नाही.

सहकारी बँकेची गोष्ट याहूनही निराळी. १९१२ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ साली रद्द झाला, तो रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने. आणि अशा बँकेवर अवसायक नेमण्याचे काम सहकार निबंधकांचे असते. ठेवीदाराने तेव्हा न्यायालयाच्या याद्या न चाळता या दोन कार्यालयांचे आदेश पाहावेत.

आता नोंद सापडल्यावर ती वाचावी कशी, याविषयी दोन शब्द. अर्ज दाखल झाला म्हणजे माणूस नादार ठरला असे नव्हे. नादार ठरविण्याचा हुकूम ही दुसरी पायरी. तो हुकूम पुढे रद्द होऊ शकतो. आणि शेवटची पायरी मुक्ततेची. मुक्तता न झालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता पन्नास रुपयांची जरी उधारी घेतली, तरी त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, इतका हा कायदा धनकोच्या बाजूस दक्ष आहे. परंतु ज्याने आपली मालमत्ता प्रामाणिकपणे हवाली केली व न्यायालयाने ज्यास मुक्त केले, त्यास पुन्हा ताठ मानेने बाजारात उभे राहता यावे, हाही याच कायद्याचा हेतू आहे. आमचा समाज पहिला हुकूम पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतो आणि दुसरा ऐकूनही घेत नाही. आजोबांच्या दिवाळ्याचा उल्लेख नातवाच्या सोयरिकीत निघतो. आजोबांनी मुक्तता मिळविली होती, हे सांगावयास कोणी पुढे येत नाही.

या नोंदी उघड्या झाल्या तर अब्रूदार माणसांची बेअब्रू होईल, असा आक्षेप कोणी घेतील. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. बेअब्रू कुजबुजीने होते, आणि कुजबूज जेथे लेख दिसत नाही तेथेच फोफावते. लुच्चास लपावयास जागा मिळते ती याच अंधारात, आणि प्रामाणिक माणसाचे मुक्ततापत्र कुजते तेही याच अंधारात.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. जिल्हा न्यायालयाने नादारीच्या प्रकरणांची स्वतंत्र, वर्णानुक्रमाची व मराठीतील यादी ठेवावी, आणि तीत नादार ठरविल्याच्या तारखेसमोरच, त्याच ओळीत, रद्दतेची वा मुक्ततेची तारीख लिहावी. दुसरे, जुन्या नोंदवह्या जीर्ण होण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घेऊन ती लोकांस पाहावयास ठेवावीत. तिसरी सूचना व्यापाऱ्यांसच आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या मराठा चेंबरसारख्या संस्था व पेठापेठांतील व्यापारी मंडळे यांनी आठवड्यातून एक दिवस एक जाणता कारकून बसवावा, आणि लहान दुकानदारास अशी नोंद शोधून द्यावी. याचा खर्च एका बुडीत खात्याहून अधिक होणार नाही.

पूर्वीच्या व्यापाऱ्याने दिवा आपल्या हाताने लावला, कारण बाजारास खरे सांगणे हे तो पेढीचे शेवटचे देणे समजत असे. आज ते देणे न्यायालयाच्या दप्तरात जमा आहे. ते लोकांच्या दृष्टीस पडेल अशी तजवीज करणे शासनाचे काम आहे, आणि ते जाऊन पाहणे तुमचे आमचे.