घोड्याचा ऐब आणि विक्रेत्याचे मौन

कापडाच्या धंद्यात ताका उलगडून उजेडात धरल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. डाग निघाला तर तो दाखवायचा आणि तेवढी रक्कम कमी करायची, ही आमच्या बाजाराची जुनी रीत. घोड्याच्या बाजारातही तीच रीत असेल असे समजून आम्ही एकदा चांगलेच फसलो. ती हकीकत वाचक बंधूंच्या उपयोगी पडावी, म्हणून हा प्रपंच.

आमच्या भाच्याने पुण्यात घोडेस्वारी शिकवण्याचा वर्ग काढला होता. त्याच्यासाठी आम्ही शर्यतीतून निवृत्त झालेला एक थरोब्रेड घोडा घेतला. हे घोडे दोन वर्षांचे असतानाच धावू लागतात. पाच-सहा वर्षांत बहुतेकांची शर्यत संपते, आयुष्य मात्र पंचवीस वर्षांचे असते. मालकाला तबेल्यातली जागा मोकळी करण्याची घाई असते, म्हणून असे उमदे जनावर स्वस्तात मिळते. आमचाही सौदा स्वस्तात झाला आणि वीस दिवसांत घोडा लंगडू लागला. डॉक्टरांनी पुढच्या पायावरून हात फिरवला आणि नस जुनीच दुखावलेली असल्याचे सांगितले. विक्रेत्याला गाठले, तर तो शांतपणे म्हणाला, "शेठ, तुम्ही विचारले नाही, आम्ही सांगितले नाही."

वकिलांकडे गेलो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील १७ व्या कलमात नेमके घोड्याचेच उदाहरण आहे. लिलावात विकलेला घोडा धडधाकट नाही हे ठाऊक असूनही विक्रेता गप्प राहिला, तर केवळ त्या मौनाला कायदा फसवणूक मानत नाही. पण तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष समजेन, असे गिऱ्हाइकाने आधी बजावले आणि तरीही विक्रेता गप्प बसला, तर ते मौन बोलण्याच्याच बरोबरीचे ठरते. सगळा फरक एका वाक्याचा! तेच आम्ही बोललो नव्हतो.

तेव्हा हे वाक्य लेखी द्या. घोडा कोणत्या कामासाठी हवा, तेही लिहा. पासपोर्टावरील रंग, खुणा आणि मायक्रोचिपचा नंबर जनावराशी ताडून पाहा. कठीण जमिनीवर दुडक्या चालीने पळवून पाहा. दुखणे दाबणाऱ्या औषधाने लंगडणे काही काळ लपते, म्हणून आपल्या विश्वासातल्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. ग्लँडर्सची तपासणी तर हवीच, कारण तो रोग माणसालाही होतो. बिल नको म्हणणाऱ्यापासून दूर राहा. घोड्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, त्यामुळे कराची सबब आता मुळीच पटण्यासारखी नाही.

आमच्या घोड्याचे पुढे काय झाले? गिऱ्हाईक आले की आम्ही आधी पाय दाखवायचो आणि गिऱ्हाईक परत जायचे. गप्प राहून विकणे मनाला पटेना. साडेचारशे किलोचे जनावर रोज नऊ-दहा किलो चारा-दाणा खाते, काम असो वा नसो. सहा महिने तो खर्च सोसला. शेवटी एका परिचिताने शेतावर ठेवून घेतला, तोही फुकट.

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. तो रुमाल आमच्यासारख्याच्याच दुकानातून गेलेला असतो. त्याखाली भाव खुशाल झाकावा, ऐब झाकू नये. कायदा मौनाला माफ करील, पण दुसऱ्या खेपेला गिऱ्हाईक त्या दारात येणार नाही. आणि धंदा तर दुसऱ्या खेपेवरच चालतो.