गाडी स्वस्त, इंजिन महाग

परदेशात शिकायला गेलेला मुलगा नोकरीला लागला, की चार-सहा महिन्यांत घरी एक फोन हमखास येतो. "बाबा, गाडी घेतोय." इथपर्यंत सगळे ठीक असते. तिथे रिक्षा नाही, भाजी आणायलासुद्धा गाडी लागते, हे एव्हाना आपल्यालाही पाठ झालेले असते. पण पुढचे वाक्य येते, "स्पोर्ट्स कार आहे. जुनी आहे, पण इतकी स्वस्त मिळतेय ना!" आणि आईच्या पोटात गोळा उठतो. वडील मात्र हळूच विचारतात, "ॲव्हरेज किती देते?"

या स्वस्त स्पोर्ट्स कारचे नाव पुष्कळदा माझदा आरएक्स-८ असे निघते. माझदा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्वराज माझदाची मिनीबस उभी राहते. कंपनी तीच, जपानची. पण ही गाडी त्या घराण्यातली आहे असे सांगूनही कोणाला पटणार नाही. २००३ ते २०१२ या काळात ती बनत होती. बसकी, देखणी आणि तरीही चार माणसांची! मागची दारे कपाटासारखी उलट्या बाजूने उघडतात, त्यामुळे मागे बसणाऱ्याला कसरत करावी लागत नाही. इंजिन म्हणाल तर फक्त १३०८ सीसीचे, पण वरच्या मॉडेलची ताकद सुमारे २३० हॉर्सपॉवर. जवळजवळ तेवढ्याच सीसीची पेट्रोल स्विफ्ट २००५ साली आपल्याकडे आली, ती ८७ हॉर्सपॉवर देत होती. (रोटरी इंजिनाचे सीसी मोजण्याची रीत वेगळी असल्याने ही तुलना सरळ नाही. इंजिनिअर वाचकांनी त्यासाठी पोस्टकार्ड खर्च करू नये!)

एवढी गुणी गाडी स्वस्त का? कारण तिचे इंजिन दमले, तर ते पुन्हा बांधून घेण्याचा खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीइतका येतो. विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. घेणाऱ्याला नसते. पहिल्या पगारातून साठवलेले पैसे, त्यात घरून पाठवलेली भर, आणि ऑफिसला जायला दुसरे साधन नाही, अशा वेळी हा व्यवहार नुसता हौसेचा राहत नाही.

आधी हे इंजिन समजून घेऊ. आपल्या नेहमीच्या गाडीत पिस्टन वर-खाली होतो. रोटरीत पिस्टनच नाही आणि व्हॉल्व्हही नाहीत. मध्ये किंचित चिमटलेल्या अंडाकृती डब्यात एक फुगीर त्रिकोण फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि डब्याची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. एका कप्प्यात पेट्रोल-हवा आत येत असते, दुसऱ्यात ती दाबली जाते, तिसऱ्यात पेटते. सगळे फिरतेच असल्याने थरथर नाही. इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत शिट्टी वाजवल्यासारखे चढत जाते. ज्याने ते एकदा अनुभवले, त्याला दुसरी गाडी अळणी लागते, हे मी मान्य करतो.

आता दुखणे. त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन पातळ पट्ट्या असतात. त्या डब्याच्या भिंतीला सतत घासत, तिन्ही कप्पे एकमेकांपासून बंद ठेवतात. कॉम्प्रेशन टिकते ते मुख्यतः या पट्ट्यांच्या जोरावर. त्या झिजल्या, चिकटल्या, तुटल्या, की इंजिन संपले.

या पट्ट्यांनी भल्याभल्यांना रडवले आहे. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतले हे इंजिन एनएसयू या कंपनीत १९५७ साली पहिल्यांदा फिरले. याच कंपनीची 'रो ८०' ही गाडी १९६७ साली आली, पुढच्या वर्षी युरोपातली सर्वोत्कृष्ट गाडी ठरली आणि मग वॉरंटीत इंजिने बदलून देता देता कंपनीचे कंबरडे मोडले. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. रो ८० चे दोन मालक रस्त्यात भेटले, की नमस्काराऐवजी बोटे वर करून 'माझे कितवे इंजिन' ते सांगतात, असा विनोद त्या काळी होता म्हणे.

जपानमध्ये हिरोशिमाच्या कंपनीने (तेव्हा तिचे नाव तोयो कोग्यो) परवाना घेतला, तेव्हा तिच्या इंजिनातही या पट्ट्या डब्याच्या भिंतीवर ओरखडे काढू लागल्या. इंजिनिअर त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांच्या ४७ जणांच्या तुकडीने कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तोडगा काढला, आणि १९६७ मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' रस्त्यावर आली. यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. १९९१ साली फ्रान्समधल्या ले मान्सची २४ तासांची शर्यत माझदाच्या चार रोटरच्या गाडीने जिंकली; ती जिंकणारी ती पहिलीच जपानी कंपनी. आपल्याकडेही हे इंजिन अगदीच परके नाही बरे का! अहमदनगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने बंगळूरच्या संस्थांबरोबर ५५ हॉर्सपॉवरचे वांकेल इंजिन तयार केले आणि २००९ मध्ये त्यावर 'निशांत' हे वैमानिकरहित विमान उडाले.

म्हणजे इंजिन लेचेपेचे नाही. चोवीस तास पिळून काढले तरी ते टिकते. गंमत अशी, की त्याला मारते ती शर्यत नव्हे, तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायची फेरी!

थंड इंजिन सुरू केले, गाडी गॅरेजमधून बाहेर काढून लावली आणि लगेच बंद केली, एवढे पुरते. थंडीत जास्त सोडलेले पेट्रोल आत साचते, प्लग ओले होतात, भिंतीवरचा ऑईलचा थर धुतला जातो आणि कॉम्प्रेशन पडते. मग पुन्हा कितीही सेल मारा, गाडी सुरू होत नाही. बजाजची स्कूटर ओव्हरफ्लो झाली की ती वाकवून, ॲक्सिलरेटर पिळून किक मारणाऱ्या पिढीला हे सांगायला नको. आरएक्स-८ मध्येही उपाय त्याच जातीचा आहे: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल मारायचा, म्हणजे पेट्रोलचा फवारा बंद राहतो आणि आतले पेट्रोल बाहेर फेकले जाते. सुरुवातीच्या गाड्यांत हा त्रास जास्त होता. पुढे कंपनीने स्टार्टर अधिक जोरकस केला. पण नियम एकच. गाडी सुरू केली, तर इंजिन गरम झाल्याशिवाय बंद करायची नाही.

म्हणून 'रोज वापरायला चालेल का?' या प्रश्नाला माझे उत्तर त्या रोजच्या रस्त्यावर अवलंबून आहे. घर ते ऑफिस अर्धा-पाऊण तासाचा मोकळा रस्ता असेल, तर रोज चालणे या इंजिनाला मानवते. इंजिन चांगले गरम झाल्यावर ते अधूनमधून वरच्या फेऱ्यांपर्यंत न्यावे, म्हणजे आतली काजळी साचून राहत नाही. पण ऑफिस दोन-तीन किलोमीटरवर, गाव बर्फाचे आणि दिवसातून चार वेळा सुरू-बंद, असे असेल तर ही गाडी घेऊच नये. तिथे एखादी साधी, जुनी टोयोटा किंवा होंडा बरी. दिसायला नाही, पण सकाळी सुरू होते!

ऑईलचेही सांगायला हवे. आपल्या जुन्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना टू-टी ऑईल टाकत होतो ना? रोटरीतही पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून इंजिनातले थोडे ऑईल मुद्दाम आत सोडून जाळले जाते. ऑईल कमी होणे हा तिचा रोग नव्हे, तो तिचा आहार आहे. दर दुसऱ्यांदा टाकी भरताना पट्टी काढून पातळी बघायची आणि कमी असेल तर भर घालायची. ज्यांना सर्व्हिसिंगच्या तारखेलाच बॉनेट उघडायची सवय आहे, त्यांच्या हातात ही गाडी टिकत नाही. काही हौशी मालक तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचे ऑईल वेगळे मिसळतात. २००९ पासूनच्या सुधारित मॉडेलात आत ऑईल सोडण्याची सोय वाढवली आहे, म्हणून परवडत असेल तर ते आधी बघावे.

आता खरेदीची वेळ. फोनवर मुलाला सांगायची गोष्ट मुख्यतः एकच आहे: "गाडी बघू नकोस, कॉम्प्रेशन बघ." रंग, सीट, टायर, म्युझिक सिस्टीम हे सगळे नंतर. ही तपासणी रोटरीसाठी बनवलेल्या खास यंत्रानेच करावी लागते. साधे यंत्र लावले तर तीन कप्प्यांपैकी जो सर्वांत चांगला, त्याचाच आकडा दिसतो आणि बिघडलेला कप्पा त्याच्या आड लपतो. खास यंत्र प्रत्येक रोटरचे तीन आकडे देते. दोन रोटर, म्हणजे सहा आकडे. इंजिन गरम असताना घेतलेले हे आकडे मिनिटाला २५० फेऱ्यांच्या हिशेबाने मांडतात. त्या हिशेबाने आरएक्स-८ साठी कंपनीची खालची मर्यादा ६८० किलोपास्कल आहे, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत शंभर पौंडांना थोडे कमी. उत्तम इंजिनाचा आकडा १२० च्या आसपास असतो. एकाच रोटरच्या तीन आकड्यांत १५० किलोपास्कलपेक्षा जास्त फरक असता कामा नये. सहाच्या सहा आकडे लिहून, फेऱ्यांची नोंद करून, कागदावर घ्यावेत. 'कॉम्प्रेशन चांगले आहे' एवढे तोंडी सर्टिफिकेट उपयोगाचे नाही.

यंत्रापर्यंत जाण्याआधीची चाळणी घरच्या घरी करता येते. गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवावे, की इंजिन थंडच ठेवा. तुम्ही पोचेपर्यंत ते गरम असेल, तर मनात पाल चुकचुकली पाहिजे. थंड इंजिन सुरू करून बघावे, अर्धा तास चालवावे, बंद करावे, दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. गरम असताना सेल लांबत गेला, इंजिन कुरकुरत उठले, तर कॉम्प्रेशन गेल्याची ती पहिली खूण. सुरू होताना पांढऱ्या धुराचे लोट येत राहिले आणि कूलंट कमी होत असेल, तर आतली पाण्याची सीले गेली असण्याचा संभव आहे. या इंजिनाची एक बाजू कायम थंड हवा घेणारी आणि दुसरी कायम पेटणारी, त्यामुळे एकदा जरी ते जास्त तापले तरी मोठे नुकसान होते.

इग्निशन कॉइल कधी बदलल्या, हे विचारावे. त्या अशक्त झाल्या की न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते, तो चोंदला की उष्णता इंजिनाकडे परतते आणि चारशे रुपयांच्या दुखण्याचे चार लाखांचे होते. (आकडे म्हणीसारखे घ्या, बिलासारखे नव्हे!)

ओडोमीटरवर मात्र फार विसंबू नये. अमेरिकेत माझदाने २००४ ते २००८ च्या मॉडेलांसाठी इंजिनाच्या गाभ्याची वॉरंटी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती. ती मुदत केव्हाच संपली, पण तिच्यामुळे कितीतरी गाड्यांना दुसरे इंजिन मिळाले. मीटर गाडीचे वय सांगतो, इंजिनाचे नाही. ९० हजार मैल चाललेल्या गाडीत २० हजार मैलांचे इंजिन असू शकते, आणि ती ४० हजार मैलांच्या मूळ इंजिनापेक्षा चांगली निघू शकते. म्हणून इंजिन कधी, कुठे, कोणी बदलले, त्याची पावती मागावी. पावती नाही तर ते इंजिन बदललेले नाही असे धरून चालावे.

इंग्लंडमध्ये असलेल्यांसाठी एक जास्तीची तारीख: २३ मार्च २००६. त्या दिवसापासून नोंदलेल्या आरएक्स-८ ला धुराच्या प्रमाणामुळे रोड टॅक्सचा सगळ्यात वरचा दर लागतो. त्याआधी नोंदलेल्या गाडीला तो बराच कमी पडतो. गाडी एकच, इंजिन एकच, फरक फक्त कागदाचा.

आणि हो, वडिलांचा प्रश्न राहिलाच. ॲव्हरेज! शहरात लिटरला सात किलोमीटर, हायवेवर नऊच्या आसपास. विमा स्पोर्ट्स कारचा, आणि तरुण ड्रायव्हरला तो आणखी चढा.

काही मुले आरएक्स-७ चे नाव घेतात. ती आरएक्स-८ ची थोरली बहीण, १९७८ ते २००२ पर्यंतची. शेवटच्या पिढीला दोन टर्बो आहेत आणि तिची किंमत आता संग्राहकांच्या हातात गेली आहे. तिच्यावर रोज ऑफिसला जाणे म्हणजे पैठणी नेसून धुणे धुण्यासारखे आहे. इकडे मागवायचे म्हणाल, तर तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आपले आयातीचे नियम सहसा आत येऊ देत नाहीत, तेव्हा तो विचार सोडावा.

मी असतो तर ही गाडी घरात दुसरी म्हणून घेतली असती. पहिली आणि एकुलती एक म्हणून घ्यायचीच असेल, तर दोन गोष्टी आधी हव्यात: रोटरीचे काम जाणणारा मेकॅनिक टप्प्यात असणे, आणि नव्या इंजिनाचे पैसे बँकेत वेगळे पडून असणे. गाडीच्या किमतीतच हे पैसे धरून सौदा करावा. सहा आकडे दाखवायला विकणारा तयार नसेल तर इंजिन संपले आहे असे समजूनच भाव सांगावा. तो रागावला, तर चहा पिऊन निघून यावे. आणि सौदा जमलाच, तर घरी येताना वाटेत ऑईलचा एक डबा घेऊन डिकीत टाकावा. तो पहिल्याच महिन्यात लागेल.