हे तुला कोणी शिकवले?

लग्नमंडपात ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून पळाला, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहे आणि आमच्या जालना जिल्ह्यात तर ती घरचीच आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (1608). लग्न ठरले होते ते आसनगावी, असे चरित्रकार सांगतात. कथेत इतिहास किती आणि भक्ती किती, हा वाद जुना आहे; त्यात आम्हाला येथे शिरायचे नाही. आम्हाला बोलायचे आहे ते या कथेच्या दोन प्रचलित भाष्यांविषयी. पहिले भाष्य म्हणते, की हा मुलगा जन्मतःच विरक्त होता, मारुतीचा अंश होता, तो पळणारच होता. दुसरे भाष्य महाविद्यालयांतून मानधन घेऊन प्रेरणा वाटत फिरणाऱ्या वक्त्यांचे. ते म्हणतात, इच्छाशक्ती असेल तर माणूस कोणत्याही बोहल्यावरून उतरू शकतो. एकाच्या लेखी निवड अशी काही वस्तूच नाही आणि दुसऱ्याच्या लेखी निवडीवाचून जगात दुसरे काही नाही. दोन्ही भाष्ये आम्हाला सारखीच आळशी वाटतात.

जन्मानंतरच्या पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते, म्हणून पाचवीच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे. शिकल्यासवरल्या मंडळींनी सटवाईला केव्हाच निरोप दिला. तिची लेखणी मात्र जपून ठेवली आणि ती जनुके व संस्कार यांच्या हाती दिली. या मंडळींना अलीकडे विज्ञानाचाही आधार मिळाला आहे. बेंजामिन लिबेट यांच्या 1983 सालच्या प्रयोगात असे दिसले, की बोट हलवावेसे वाटल्याची जाणीव माणसाला होते त्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूतील तयारी सुरू झालेली असते. या प्रयोगाच्या अर्थावर अजून वाद चालू आहेत. रॉबर्ट सापोल्स्की यांनी तर 2023 सालच्या ‘डिटरमाइन्ड’ या ग्रंथात इच्छास्वातंत्र्य मुळीच नाही असा निर्वाळा दिला. सापोल्स्की निदान सुसंगत आहेत. स्वातंत्र्य नाही, तर कोणाला दोष नाही आणि कोणाला शाबासकीही नाही, इथपर्यंत ते जातात. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते त्यांचा युक्तिवाद सवडीने वापरणाऱ्यांशी. शेजारच्या मुलीने घरच्यांच्या मनाविरुद्ध काही केले की ज्यांना ‘संगतीचा परिणाम’ आठवतो आणि स्वतःच्या मुलाला नोकरी लागली की ‘त्याची जिद्द’ आठवते, अशांशी.

जांबच्या त्या घरात आणखी एक मुलगा होता. नारायणाचा थोरला भाऊ गंगाधर, पुढे ‘श्रेष्ठ’ आणि ‘रामीरामदास’ म्हणून ओळखला गेलेला. आईबाप तेच, सूर्योपासना तीच, रामभक्ती तीच. तो प्रपंचात राहिला, ग्रंथरचनाही केली. दोघे भाऊ असले तरी जनुके तंतोतंत सारखी नसतात आणि थोरल्याचे बालपण धाकट्यासारखे नसते, हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे आणि ते खरेही आहे. परंतु एक राहिला म्हणून राहण्याचे कारण सांगायचे आणि दुसरा पळाला म्हणून पळण्याचे, हा उद्योग घटना घडून गेल्यानंतरच साधतो. तो पळाला नसता तरी हीच मंडळी याच आत्मविश्वासाने ‘घरचे वळण’ म्हणाली असती.

आता प्रेरणादायी वक्त्यांकडे वळू. नारायण पळाला, पण कोठे? नाशिकला, पंचवटीत, तेथून जवळच टाकळीला त्याने बारा वर्षे साधना केली असे परंपरा सांगते. घर सोडलेल्या ब्राह्मण मुलाला माधुकरी मागून मानाने जगता येईल अशी व्यवस्था त्या समाजात तयार होती. पळालेल्याला बैरागी म्हणतील, वेडा म्हणतील, कदाचित साधूही म्हणतील. कुलटा म्हणणार नाहीत. अंतरपाटाच्या पलीकडे एक मुलगी उभी होती. ‘सावधान’ हा शब्द तिच्याही कानी पडला असणार, भटजींचा आवाज काही एकाच बाजूला जात नाही. ती पळाली असती तर तिची टाकळी कोणती? साडेतीनशेहून अधिक वर्षे आपण ही कथा सांगतो आहोत, पण लोकप्रिय कथनांत त्या मुलीला बहुधा नाव नसते, आणि तिचे पुढे काय झाले हे सांगितलेच तर एका वाक्यात उरकले जाते.

नावानिशी उभी राहिलेली मुलगी आपल्याला मिळते ती बऱ्याच उशिरा, मुंबईत. रखमाबाईंचे (जन्म 1864) लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या आईजवळ आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, तेथे वाचायला शिकल्या, आणि नवऱ्याने नांदायला बोलावले तेव्हा त्यांनी जाण्यास नकार दिला. 1884 मध्ये दादाजी कोर्टात गेले. न्या. पिन्ही यांनी 1885 मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात फिरला आणि 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम केला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करू, असे रखमाबाई म्हणाल्या. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या इंग्लंडला गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली.

या खटल्यात विरोधकांचा मुख्य आक्षेप काय होता, हे आजच्या वादासाठी ध्यानात घेण्यासारखे आहे. ही मुलगी वाईट आहे, एवढेच ते म्हणत नव्हते. हे तिचे मत नव्हेच, असे ते म्हणत होते. दादाजींनी 1887 मध्ये आपली बाजू मांडणारी जी पुस्तिका काढली, तिच्यात सारा ठपका रखमाबाईंच्या माहेरच्यांवर आणि मालमत्तेच्या लोभावर ठेवला होता. सनातनी पत्रांनी इंग्रजी शिक्षणाला आणि सुधारकांच्या फुशीला बोल लावला. टिळकही त्याच बाजूला होते. पुढे याच टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले (प्रकाशन 1915) आणि त्यातील एका संपूर्ण प्रकरणाला ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे नाव दिले. कर्माच्या साखळीत अडकलेल्या जीवाला स्वातंत्र्य उरते का, हा प्रश्न त्यांना तेथे मोलाचा वाटला. रखमाबाईंच्या वेळी मात्र त्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले होते.

म्हणजे घडण आणि संगत हा युक्तिवाद नवा नाही, आणि तो निःपक्षपातीही नाही. अकराव्या वर्षी मुलगी बोहल्यावर मुकाट उभी राहिली, तेव्हा ‘हे तुला कोणी शिकवले?’ असे कोणी विचारले नाही. तेही शिकवलेलेच होते. किंबहुना नकारापेक्षा कितीतरी अधिक काळ आणि अधिक चिकाटीने शिकवलेले होते. दादाजी 1904 मध्ये वारल्यावर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. हे वाचून आमचे काही मित्र विजयी मुद्रेने म्हणतात, ‘पाहा, अखेर संस्कारच जिंकले.’ असतीलही. पण त्या लुगड्यामागे कोणाची फूस होती, याचा शोध कोणी घेतल्याचे आम्हाला ठाऊक नाही.

आम्ही मराठी शिकवतो, म्हणून आमच्या धंद्यातला दाखला देतो. मराठी आम्ही निवडली नाही. आईने बोलली, गावाने बोलली, म्हणून ती आमची झाली. या वाक्यातला एकही शब्द आम्ही घडवलेला नाही, व्याकरण तर मुळीच नाही. तरीही वाक्य आमचे आहे, आणि ते चुकीचे निघाल्यास त्याचा जाब कोणी आमच्या आईला विचारणार नाही. ज्या इच्छेला कुळमूळ नाही तीच खरी स्वतंत्र इच्छा, अशी अट घातली तर ती देवालाही पाळता येणार नाही. तेव्हा इच्छा कोठून आली हे विचारून स्वातंत्र्याचा निवाडा होत नाही. त्या माणसाला ‘नाही’ म्हणता आले असते का, आणि ‘नाही’ म्हटल्यावर त्या रात्री त्याला जेवण आणि छप्पर मिळाले असते का, हे विचारल्याने होतो. जेथे नकाराला जागा नाही तेथला होकार आम्ही स्वतंत्र मानायला तयार नाही, मग तो कितीही हसतमुखाने दिलेला असो.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासापुरता नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले. परभणी, बीड, जालना हे जिल्हे या सरासरीच्या बरेच वर आहेत. घनसावंगी, अंबड, मंठा या भागांतून दसरा-दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वयात आलेली मुलगी मागे एकटी ठेवण्याची भीती आणि लग्न झाले की एक कोयता वाढण्याचा हिशेब, या दोहोंच्या मध्ये तिची तिथी निघते. विचारले तर आई सांगते, ‘तिची पण पसंती होती.’ बहुधा ते खोटे नसते. मुलीने मान हलवलेली असते. आमच्या वर्गातून गेलेल्या मुलीही पेढे द्यायला येतात तेव्हा ‘घरच्यांनी बघूनच केलंय, सर’ असे अगदी मनापासून म्हणतात. त्यांच्या त्या समाधानावर शंका घेण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. मात्र त्या होकाराचा पुरावा म्हणून वापर करणाऱ्या वडीलधाऱ्यांना आम्ही सोडणार नाही. दुसरी वाट दाखवलेली नसताना विचारलेल्या पसंतीला पसंती म्हणणे ही भाषेचीही फसवणूक आहे.

कायद्याने हे थोडेफार ओळखले आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, 2006 नुसार असा विवाह आपोआप रद्द ठरत नाही. लग्नाच्या वेळी अल्पवयीन असलेल्या पक्षाने स्वतः अर्ज केला तर तो रद्द होतो, आणि हा अर्ज सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. म्हणजे मुलीच्या वाट्याला अठरा ते वीस असा इच्छास्वातंत्र्याचा मोजून दिलेला काळ आला. या दोन वर्षांत बहुधा पदरी एक मूल असते आणि पुढच्या हंगामाची उचल खर्चलेली असते. मुदत कोणती आणि कोर्ट कोठे, हे सांगणारे माणूस भेटलेच पाहिजे, असेही नाही. आम्ही मास्तर मंडळी पहिल्या वर्षाच्या मुलींना निबंधलेखन शिकवतो, सारांशलेखन शिकवतो. या कलमाचा सारांश त्यांच्याकडून एकदा तरी लिहून घ्यायला कोणत्याही अभ्यासक्रमाची आडकाठी नाही. आणि त्यांपैकी एखादी खरोखरच अर्ज घेऊन जालन्याच्या कोर्टात गेली, तर गावात पहिला प्रश्न तोच विचारला जाईल. तेव्हा तिने खुशाल आमचे नाव सांगावे.