गव्हाच्या रानात आंधळी गोणी

सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं, की आमच्या निफाड-येवल्याच्या पट्ट्यात दोन तऱ्हेचे शहाणे भेटतात. एक म्हणतो, ‘सोयाबीन होतं ना, मग गव्हाला युरिया कशाला?’ दुसरा काही बोलतच नाही, एकरी चार गोण्या फेकून मोकळा होतो.

पहिल्याचा हिशेब घेऊ. सोयाबीनच्या दाण्यात 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. एकरी 8 क्विंटल माल लासलगावच्या बाजाराला गेला, तर त्याच्यासोबत सुमारे 50 किलो नत्रही गाडीत बसून गेलं. मुळांवरच्या गाठी हवेतून नत्र ओढतात हे खरं, पण पिकाची सगळी भूक त्या भागवत नाहीत; उरलेलं ते जमिनीतूनच घेतं. मागे राहतो गळलेला पाला, मुळं आणि भुसकट. ते भुसकटही मळणीच्या जागीच पेटवायचं आणि वर ‘जमीन सुधारली’ म्हणायचं! मुगाच्या शेंगा तोडून झाडं रानात गाडली, तर गव्हाचा युरिया बिनधास्त कमी करा. भुईमूग वेलासकट गोठ्यात नेला असेल, तर कसली सूट मागता?

आता दुसरे. बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला शिफारस आहे हेक्टरी 120 किलो नत्राची. निम्मं पेरताना, निम्मं तीन आठवड्यांनी. म्हणजे एकरी 48 किलो. डीएपीची एक गोणी पेरली की त्यातले 9 किलो आले. बाकीच्याला 45 किलोच्या दोन गोण्या युरियाही पुरत्या लागत नाहीत. मग चार कशाला? गहू काळाशार दिसावा आणि शेजाऱ्यानं बांधावरून ‘काय टाकलं?’ विचारावं, म्हणून. पुढे ओंब्या भरताना पाणी दिलं, वारा सुटला, गहू लोळला, की शिव्या बियाण्याला. मावा तर असल्या लुसलुशीत रानाच्या शोधातच असतो.

सरकारही कमी नाही. 2010 मध्ये स्फुरद-पालाशच्या खतांना नवं अनुदान धोरण लागलं, युरिया तेवढा बाहेर राहिला. तीनशेच्या आत गोणी मिळते, तर हात आखडेल कोण? मग 2018 मध्ये 50 किलोची गोणी 45 ची केली. शेतकरी गोण्या मोजतो ना, मग गोणीच लहान करा! 2015 च्या मृदा आरोग्य पत्रिकेचीही तीच तऱ्हा. बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना. निफाडात तेवढ्या जागेत एकाची द्राक्षं, दुसऱ्याचा कांदा, तिसऱ्याचं सोयाबीन. आकडा मात्र तिघांना एकच.

आणि आपण? कुंदेवाडीच्या ज्या कृषी संशोधन केंद्रानं त्र्यंबक, तपोवन, गोदावरी हे गव्हाचे वाण दिले, त्याच्या कुंपणाला लागून राहतो आणि खत विचारतो दुकानदाराला. तो गोणी कमी कर म्हणेल?

या रब्बीत एवढं करा. पेरणीआधी स्वतःच्या रानाची माती तपासून घ्या, मागचं पीक कोणतं आणि त्याचं भुसकट कुठे गेलं हेही सांगा. दुसऱ्या हप्त्याला दोन सारे निम्म्या युरियावर सोडा. काढणीला त्यांचे दाणे वेगळे तोला. उतारा सारखाच आला, तर पुढच्या वर्षी तेवढा युरिया दुकानातच राहू द्या.