माशी कुठे शिंकली?

आज पोस्ट मोठी आहे. पेपरात चार ओळींत बसली नाही म्हणून इथे टाकतोय. शेवटपर्यंत वाचा, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

डिसेंबरात पोलिसांचा वार्षिक फायरिंगचा सराव होता. दोन फोटो, साहेबांची प्रतिक्रिया, झाली बातमी, एवढ्यासाठी गेलो होतो. तिथे एक महिला शिपाई पिस्तुलाचं फायरिंग करत होत्या. नाव लिहीत नाही, त्यांना त्रास नको. दहा गोळ्या होत्या. टार्गेट जवळ आणलं तर पहिली पाच छिद्रं मधोमध, मुठीत मावतील अशी. पुढची पाचही तशीच एकत्र, पण सगळी डावीकडे सरकलेली. कागदावर दोन वेगळे घोस.

शेरा काय पडला? "हात कापतोय. पुन्हा सराव घ्या." मागून कुणीतरी पुटपुटलं, नाचता येईना अंगण वाकडं. चार जण हसले. ताई काही बोलल्या नाहीत. वर्दीत बोलायची सोय नसते.

मी बंदुकीतला तज्ज्ञ नाही. कॉलेजात एनसीसी होती, पॉइंट टूटू रायफलीने पालथं पडून पाच-पाच गोळ्या मारल्यात, एवढीच पुंजी. पण आमच्या उस्तादांनी एक गोष्ट डोक्यात कोंबली होती, की कागद खोटं बोलत नाही. हात कापला तर छिद्रं विखुरतात. छिद्रं एकत्र आहेत पण घोसच्या घोस सरकलाय, तर आधी हत्यार बघायचं. कुणी म्हणेल ट्रिगर झटकला की गोळी बाजूला जाते. मान्य. म्हणूनच तेच पिस्तूल दुसऱ्या चांगल्या नेमबाजाच्या हातात देऊन पाच गोळ्या मारून बघायच्या असतात. खर्च पाच गोळ्या, वेळ पाच मिनिटं. त्या दिवशी ते कुणी केलं नाही. पेन काढायला मात्र एक मिनिटही लागलं नाही.

मग आला जानेवारी. २ जानेवारीला महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन, त्या आठवड्यात शाळेच्या पोरांना शस्त्रं दाखवतात, तुम्हाला माहीतच आहे. टेबलावर हिरवं कापड, त्यावर रायफली, पिस्तुलं. पोरं डोळे मोठे करून बघत होती. हवालदारांनी एक ९ एमएम पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून माझ्या हातात दिलं. नळीच्या टोकाकडे, स्लाइडवर पुढे जो छोटा उंचवटा असतो, ज्याला पोलीस फोरसाईट म्हणतात आणि जुनी माणसं माशी म्हणायची, त्यावर माझा अंगठा गेला. माशी हलली!

हवालदार हळूच म्हणाले, "पत्रकार साहेब, दोनदा फेविक्विक लावलं. फायरिंग झालं की परत सुटतं."

त्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याच्याकडे जे होतं ते त्याने लावलं. आणि ते सांगायची हिंमतही त्याच्यातच होती. त्या ट्यूबचाही दोष नाही, ती चपलेचा अंगठा चिकटवायला ठीक आहे. पण पिस्तुलाची स्लाइड दर गोळीला झपकन मागे जाऊन थडकते आणि परत पुढे येऊन थडकते. म्हणजे एका गोळीला दोन हातोडे. वरून तेल, वरून उष्णता. असला गोंद कडक असतो, धक्क्याने तडकतो. तो पहिल्या पाच गोळ्या टिकेल, सहाव्याला सुटेल. आठवले का ते दोन घोस?

आता हिशोब करू, कारण "एवढीशी माशी, हलली तर काय होतं" असं म्हणणारे बरेच आहेत. अशा पिस्तुलावर पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात साधारण १६ सेंटिमीटर अंतर असतं. माशी फक्त १ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी साडेपंधरा सेंटिमीटर बाजूला जाते. जवळपास पाऊण वीत. १० मीटरवर सहा सेंटिमीटर. आणि गंमत म्हणजे माशी उजवीकडे सरकली की गोळी डावीकडे जाते, कारण मारणारा माणूस इमानदारीने माशी खाचेच्या मधोमध आणायला जातो आणि नळी डावीकडे वळते. म्हणजे शिकवलंय तसं जो जास्त नीट नेम धरेल, तो जास्त खात्रीने चुकेल. याहून मोठा अन्याय कोणता?

आणि हे नुसतं टार्गेटच्या कागदापुरतं नाही. आपल्या आठवडी बाजारात कधी गोळी चालवायची वेळ आली तर त्या पाऊण वितीत कोण उभं असेल? भाजी घेणारी तुमची आई असेल. माझा मुलगा असेल.

बरं, दुरुस्ती फार अवघड आहे का? मी एका निवृत्त आर्मोररना भेटून विचारलं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. माशी बसवायच्या पद्धती मोजक्याच. एक, स्लाइडमध्ये तळाला रुंद आणि वर अरुंद अशी आडवी खाच असते, माशीचा पाया त्यात बाजूने घट्ट ठोकून बसवतात. दुसरी, आतून छोटा स्क्रू. तिसरी, माशीचा खुंट स्लाइडच्या भोकात घालून आतून रिव्हेटसारखा ठोकून पसरवतात. स्क्रूवाली ढिली झाली तर स्क्रू काढायचा, आट्यांमधलं तेल पूर्ण पुसायचं, धातूचे आटे पकडून ठेवणारं लॉकटाईटसारखं औषध एक थेंब लावायचं, बेताने आवळायचं आणि एक दिवस हात लावायचा नाही. खाचवाली ढिली झाली तर खाच झिजली की पाया झिजला ते आधी बघायचं. मग पितळी पंचाने काम करून पाया पुन्हा घट्ट बसवायचा, नाहीतर माशीच नवी घालायची. खुंट ढिला असेल तर पुन्हा ठोकायचा. "खाच सैल असेल तर औषध लावून भागत नाही," ते म्हणाले, "पकड धातूची पाहिजे. औषध मदतीला."

शेवटी त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात आवडलं. काम झालं की माशीच्या पायावरून स्लाइडवर येईल अशी रंगाची एक बारीक रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की माशी हलली, हे शाळकरी पोरगंसुद्धा सांगेल. मग पाच गोळ्या मारून घोस बघायचा आणि रजिस्टरला नोंद करायची. झालं.

एक थेंब औषध. एक पितळी पंच. एक रंगाची रेघ. याला ना टेंडर लागतं, ना मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन. आणि माझ्या मते म्हणूनच ते होत नाही!

आपल्याकडे खरेदीला फोटो असतो, देखभालीला नसतो. नव्या गाड्यांना हार घालतात, फीत कापतात, मी स्वतः त्या बातम्या केल्यात. सहा महिन्यांनी त्याच गाडीचा आरसा सुतळीने बांधलेला असतो, त्याची बातमी कुणी करत नाही. मीही केली नाही, कबूल करतो. ग्रामीण रुग्णालयातलं मशीन असो की शाळेतला हातपंप, गोष्ट एकच. वस्तू आणणाऱ्याचं नाव कोनशिलेवर असतं, वस्तू चालू ठेवणाऱ्याचं कुठेच नसतं. आणि बंद पडली की दोष सगळ्यात खालच्या माणसाला.

आता कमेंटमध्ये काय येणार ते माहीत आहे, म्हणून आधीच उत्तर देतो.

"पोलिसांचं मनोधैर्य खच्ची करताय." अहो, ज्या बाईने दहाच्या दहा गोळ्या नीट मारल्या तिला हात कापतो म्हणणं, याने मनोधैर्य वाढतं का? मी पोलिसांच्या विरोधात लिहीत नाहीये, त्यांच्या हातात जे देतात त्याच्या विरोधात लिहितोय. साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी घेऊन एके-४७ ला भिडले. आपण त्यांना सलाम करतो, केलाच पाहिजे. पण त्या शौर्याचा अर्थ "आमच्या माणसाला हत्यार नसलं तरी चालतं" असा कुणी काढत असेल तर तो त्यांचा अपमान आहे. त्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही शस्त्रं, दारूगोळा आणि सराव यांवर बोट ठेवलं होतं. इतकी वर्षं झाली आणि मी अंगठ्याने माशी हलवून बघतोय.

"पिस्तूल वापरायची वेळ येते किती?" अग्निशमन बंबही रोज लागत नाही. मग पाण्याविना ठेवायचा का?

"नवीन शस्त्रं येणार आहेत." येऊ देत, आनंद आहे. पण देखभाल तीच राहिली तर नव्याची माशीही हलेल, आणि तीच ट्यूब परत निघेल.

ताईंच्या हातातलं पिस्तूल आणि मी टेबलावर धरलेलं पिस्तूल एकच होतं का? हा प्रश्न मी विचारला. उत्तर मिळालं, सांगता येणार नाही. कारण गुणांच्या यादीत माणसाचा बक्कल नंबर आहे, हत्याराचा नंबर नाही. माझ्या अख्ख्या पोस्टचं सार या एका गोष्टीत आहे. चुकण्याची जागा आपण फक्त माणसासाठी राखून ठेवलीय.

म्हणून तीन साध्या मागण्या. फायरिंगच्या आधी आर्मोररने प्रत्येक पिस्तुलाची माशी तपासून सही करावी. गुणांसमोर हत्याराचा नंबर लिहावा. आणि नापास शेरा मारायच्या आधी तेच हत्यार दुसऱ्याने मारून बघावं.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मी माहिती अधिकाराचा अर्ज तयार ठेवलाय. शस्त्रं किती आणि कुठे, हे मला नको, ती सुरक्षेची बाब आहे. मला हवंय ते एवढंच, की आर्मोररची मंजूर पदं किती, भरलेली किती आणि मागची तपासणी कधी झाली. सोमवारी अर्ज देतोय. नियमाने तीस दिवसांत उत्तर यायला हवं. येईल ते इथेच टाकीन, नाही आलं तर तेही टाकीन.

आणि ताई, तुम्ही हे वाचत असाल तर, तुमचं टार्गेट मी जवळून बघितलंय. तुमचा हात कापत नाही.