भाकड गाय आणि कोरी वही

सन २०१४ च्या डिसेंबरांत मध्यवर्ती सरकारानें राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू केलें आणि २०१९ च्या सप्टेंबरांत गोपालकाच्या दारीं जाऊन मोफत कृत्रिम रेतन करण्याची देशव्यापी मोहीमहि निघाली. उत्तम वळूंचें गोठविलेलें रेत खेडोपाडीं पोहोंचूं लागलें, हें अभिनंदनीय खरेंच. परंतु रेत दारीं आलें म्हणजे गाय गाभण राहिलीच, हा जो समज पसरला आहे, तो आम्हांस मान्य नाहीं.

हिशेब साधा आहे. गाय सुमारें २८० दिवस गाभण असते. वर्षास एक वासरूं हवें असेल, तर व्याल्यापासून ८५ दिवसांच्या आंत ती पुनः गाभण राहिली पाहिजे. माज येतो दर २१ दिवसांनीं, आणि टिकतो जेमतेम अर्धा-पाऊण दिवस. तो एकदां नजरेआड झाला, कीं २१ दिवसांची वैरण फुकट. तीनदां झाला, कीं दोन महिने बुडालेच. सकाळीं माज दिसल्यास सायंकाळीं व सायंकाळीं दिसल्यास दुसरे दिवशीं सकाळीं गाय भरवावी, असा नियम आहे. पण माज केव्हां दिसला, हेंच कोणी टिपून ठेवीत नाहीं! आमचा व्यापारी पै-पैची रोजकीर्द लिहितो. हजारों रुपयांच्या जनावराचा व्यवहार मात्र केवळ स्मरणावर चालतो. मग गाय उलटली, कीं दोष नशिबाला, नाहींतर डॉक्टराला.

दुसरा दोष धर्माच्या नांवाखालीं चालतो. देवाला सोडलेला वळू वर्षानुवर्षें एकाच गांवांत हिंडतो व अखेर आपल्याच कालवडींस लागतो. अशानें वंश खालावणार नाहीं तर काय होईल? गांवचा वळू दर दोन-तीन वर्षांनीं बदलावा आणि निकृष्ट गोऱ्हे वेळींच खच्ची करावे, यांत धर्महानि कसली? शिवाय, कालवड कितीहि उंची वंशाची असो, हिरवा चारा व क्षारमिश्रण न मिळाल्यास तिला वेळेवर माजच येत नाहीं.

गोशाळांना उदार हस्तें देणग्या देणाऱ्या शहरवासी धनिकांना आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं भाकड गाईस आश्रय देणें पुण्याचें असेल. पण गाय अकाळीं भाकड होऊंच न देणें हें त्याहून मोठें पुण्य आहे. त्यासाठीं देऊळ लागत नाहीं. गोठ्यांत एक वही, भरविल्यापासून तीन महिन्यांच्या आंत पशुवैद्याकडून गर्भतपासणी आणि पोटभर चारा, एवढें पुरे. गाईची पूजा आपण पुष्कळ केली. आतां तिचा हिशेब ठेवावयास शिकूं या.